गोडबोल्यांच्या घरातील हिंदी

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत परदेशप्रवासावरील चित्रपटांचा विषय निघाला, तेव्हा बहुतेक सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, ‘झिम्मा’चे नाव घेतले. ते स्वाभाविकच होते. हेमंत ढोमे यांचा हा चित्रपट २०२१ च्या नोव्हेंबरात आला, दोन वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला, आणि भोपाळसारख्या शहरात, जेथे मराठी चित्रपट पडद्यावर लागणे हीच एक बातमी असते, तेथेही तो घरोघरी पाहिला गेला. निरनिराळ्या वयाच्या सात स्त्रिया सहलीसाठी इंग्लंडात जातात, रुसतात, हसतात, मोकळ्या होतात. दुसऱ्या भागात तर निर्मिती सावंत आणि रिंकू राजगुरू ही सासू-सुनेची जोडीच प्रवासास निघते. आम्हीही हे दोन्ही चित्रपट पाहिले आणि पोटभर हसलो. तथापि त्या चर्चेच्या वेळी आमच्या मनात सारखा दुसराच चित्रपट घोळत होता. तो मराठी नाही. गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ हा तो हिंदी चित्रपट. वेळेअभावी त्या दिवशी जे बोलता आले नाही ते संपादकांनी लिहून मागितले, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘झिम्मा’तील बायका परदेशी जाताना आपली मराठी पिशवीत घालून नेतात. इंग्रजीचे काय ते सहलीचा म्होरक्या पाहून घेतो. त्यामुळे परदेश हा तेथे सुंदर पडदा आहे. त्याच्यापुढे जे घडते ते पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यातही घडू शकले असते. यात आम्ही उणे काढीत नाही, तो त्या चित्रपटाचा प्रकारच आहे. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये मात्र परदेश काढून घेतला तर काहीच उरत नाही, कारण तेथे पणाला लागलेली वस्तू भाषा ही आहे. आणि भाषा पणाला लावणाऱ्या या चित्रपटाने एका भाषेबाबत जे केले आहे, त्याची चर्चा आमच्या पाहण्यात फारशी आलेली नाही. ती भाषा आपली आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. पुण्यातील शशी गोडबोले ही सुगरण गृहिणी. तिच्या हातचे लाडू नावाजलेले असून ती ते घरून विकतेही. पती सतीश (आदिल हुसेन) चांगल्या नोकरीत आहे. तो दुष्ट नाही, पण बायको जन्माला आली ती लाडू वळण्यासाठीच, असे पाहुण्यांपुढे कौतुकाने सांगणारा आहे. मुलगा सागर लहान आणि निर्व्याज. थोरली सपना इंग्रजी शाळेत शिकणारी, अडनिड्या वयाची, आणि आईच्या इंग्रजीची लाज वाटणारी. शशीची बहीण मनू न्यूयॉर्कला असते. तिच्या मुलीचे लग्न निघते, आणि मदतीसाठी शशीला काही आठवडे आधी एकटीनेच जावे लागते. तेथे एका कॉफीच्या दुकानात तिचा पाणउतारा होतो. मग ती चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात पाहून, कोणालाही न सांगता, तेथे जाऊ लागते. शेवटी लग्नमंडपात ती इंग्रजीतून चार शब्द बोलते. गोष्ट एवढीच.

आई न्यूयॉर्कात आणि मुलगी पुण्यात अशी ही गोष्ट असल्यामुळे ती मायलेकींच्या प्रवासाची नव्हे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. सपना विमानात बसलेली नसते, पण आईच्या बरोबर असते तीच. शशी ज्या शब्दापाशी अडखळते, त्या प्रत्येक शब्दामागे मुलीचे हसणे उभे आहे. एका नृत्यप्रकाराचे इंग्रजी नाव आईच्या तोंडून ‘झाझ’ असे येते आणि मुलगी फिसकन हसते. त्या एका हसण्याचे ओझे घेऊन ही बाई अटलांटिक ओलांडते.

गौरी शिंदे यांचा हा पहिलाच चित्रपट. सप्टेंबर २०१२ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षीच्या ५ ऑक्टोबरला आपल्याकडे लागला. यामागची हकीकत त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितली आहे. त्यांच्या मातोश्री पुण्यात घरी लोणची करून विकत. त्यांना इंग्रजी नीट येत नसे, आणि शाळकरी वयात मुलीला त्याची लाज वाटे. हा चित्रपट म्हणजे आईची मागितलेली माफी आहे, असे त्यांनी म्हटले आहे. हे कळल्यावर चित्रपटाकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. पहिल्या वेळी आम्हांस सपनाचे पात्र फार कठोर रंगवलेले वाटले होते. इतकी रुक्ष मुलगी, जिला आईविषयी एक मऊ शब्द सुचू नये, ही आम्हांस लेखनातील उणीव वाटली होती. आता वाटते की ती उणीव नसून शिक्षा आहे. आईच्या बाजूने बोलतो आहे असे भासणारा हा चित्रपट वास्तविक मुलीचा कबुलीजबाब आहे, आणि कबुलीजबाब देणारा माणूस स्वतःच्या वाट्याला सवलत ठेवीत नाही. दिग्दर्शिकेने सागरला सगळे लाघव दिले, सतीशला थोडे समर्थन दिले, आणि सपनाला, म्हणजे स्वतःला, काहीही दिले नाही.

श्रीदेवी यांच्या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘जुदाई’ १९९७ चा, त्यानंतर पंधरा वर्षांनी त्या प्रमुख भूमिकेत मोठ्या पडद्यावर आल्या, याचेच कौतुक अधिक झाले. आम्हांस दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. श्रीदेवी दक्षिणेतून आलेल्या. हिंदी ही त्यांची घरची भाषा नव्हे. हिंदी चित्रपटांतील त्यांच्या आरंभीच्या कित्येक वर्षांत पडद्यावर चेहरा त्यांचा आणि आवाज दुसऱ्या कोणाचा, असा प्रकार चाले. ‘आखरी रास्ता’मध्ये तो आवाज रेखा यांचा होता. १९८९ च्या ‘चाँदनी’त त्यांचा स्वतःचा आवाज प्रथम ऐकू आला असे मानतात. ज्या नटीच्या उच्चारांना एका भाषेने इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले, तिने शशीचे अडखळणे साकारावे, हा योग विलक्षण आहे. शशी इंग्रजी शब्द उच्चारण्यापूर्वी ओठांशी एकदा जुळवून पाहते, आणि मग तो हळूच, चोरट्या वस्तूसारखा बाहेर काढते. हे कसब केवळ अभिनयाच्या शिकवणीने येत असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता या चित्रपटातील हास्याविषयी. विनोदी चित्रपटाची खरी कसोटी ही की आपण कोणाला हसतो. व्हिसाच्या कचेरीतील प्रसंग घ्या. इंग्रजी न येता आमच्या देशात कसा निभाव लागेल, असे गोरा अधिकारी विचारतो, आणि शेजारचा भारतीय कर्मचारी त्यास उत्तर देतो की जसे तुम्ही हिंदी न येता आमच्या देशात निभावता तसेच. आम्ही शासकीय सेवेत उभी हयात घालवली. खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माणसाने पलीकडच्या माणसाची बाजू घ्यावी हे दृश्य आम्हांस फार दुर्मीळ, आणि म्हणून फार गोड वाटले. सपनाच्या शाळेतील पालकसभेचा प्रसंग त्याहूनही बारीक आहे. शशी भीतभीत हिंदीत बोलण्याची परवानगी मागते आणि केरळचे ते फादर आपली हिंदी कच्ची असल्याचे हसतमुखाने सांगून तिच्याशी बोलू लागतात. त्यांच्या कच्च्या हिंदीची कोणाला लाज वाटत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. इंग्रजी येणाऱ्याची हिंदी कच्ची असली तर ती गंमत, आणि हिंदी येणाऱ्याची इंग्रजी कच्ची असली तर तो कमीपणा. एवढा मोठा सामाजिक सिद्धान्त दिग्दर्शिकेने भाषण न करता दोन मिनिटांत मांडला आहे. कॉफीच्या दुकानातील प्रसंगात तर हसू आणि रडू यांची सीमा कोठे आहे तेच कळत नाही. काउंटरमागची बाई एकामागून एक प्रश्न फेकत जाते, मागे रांग खोळंबते, आणि साधी कॉफी व पाणी मागायला गेलेली शशी चारचौघांत अपराधी ठरते. आरंभी आपण हसतो. मग आपलेच हसणे आपल्याला ऐकू येते.

पण हाच न्याय दिग्दर्शिकेने इंग्रजीच्या वर्गास लावला नाही, अशी आमची तक्रार आहे. तेथे इडलीची आठवण काढणारा तमिळ अभियंता आहे, पाकिस्तानी टॅक्सीचालक आहे, चिनी आणि मेक्सिकन बायका आहेत. एका फ्रेंच आचाऱ्याचा अपवाद सोडला तर ही मंडळी माणसे कमी आणि उच्चार अधिक आहेत. त्यांच्या चुकीच्या इंग्रजीवर प्रेक्षागृह खदखदून हसते, आणि ते हसू शशीच्या ‘झाझ’वर हसणाऱ्या मुलीच्या हसण्याहून वेगळे नाही. चित्रपट सपनाला जे शिकवू पाहतो, ते स्वतः विसरतो. शशीच्या पदरात जे औदार्य टाकले त्याचा एक तुकडा त्या तमिळ रामामूर्तीच्या वाट्यास आला असता, तर ‘इंग्लिश विंग्लिश’ आणखी एक पायरी वर चढला असता.

येथे आम्हांस एक खाजगी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती न सांगता पुढील मुद्दा मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे वडील जुन्या मध्य प्रदेशाच्या नागपूर सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. ज्यांच्या नावापुढे मध्य प्रदेश लिहिला गेला ते बाडबिस्तरा घेऊन इकडे आले. या अंकाच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरची हीच कथा असेल. उरलेले भेलच्या कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यात आले. आम्ही तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरात वाढलो. आईला हिंदी येत असे ती नागपुरी बाजारापुरती. दहाव्या वर्षी आम्ही शाळा बुडवून मोठ्या तलावावर गेलो आणि पकडले गेलो. आई पदर सावरून मुख्याध्यापकांकडे गेली आणि म्हणाली, “इसने बड़ी चूक की है, इसको अच्छी शिक्षा दीजिए.” ते म्हणाले, “माताजी, उसी के लिए तो हम बैठे हैं.” तिला शिक्षा हवी होती, त्यांनी शिक्षण दिले. आईला काही उमगले नाही. दाराशी उभ्या असलेल्या मुलांनी ते ऐकले, आणि पुढे कित्येक महिने आम्ही दिसलो की कोणी ना कोणी हात जोडून ‘अच्छी शिक्षा दीजिए’ म्हणे.

मुले हसली यात नवल नाही. आम्हीही त्यांच्यात मिळून हसलो, आणि त्यानंतर आईने पुन्हा शाळेत येऊ नये यासाठी नाना युक्त्या केल्या. पालकसभेच्या चिठ्ठ्या आम्ही परस्पर वडिलांच्या हाती देऊ लागलो. आईने एकदा विचारले, “का रे, मला नाही सांगितलंस?” आम्ही काहीतरी थाप मारली. ती जाऊन वीस वर्षे होऊन गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये भोपाळच्या अंधाऱ्या सिनेमागृहात, शाळेच्या आवारात आईपासून चार पावले दूर चालणारी सपना पाहताना आम्हांस घाम फुटला होता, तो या कारणाने.

म्हणजे आमच्या पिढीची लाज इंग्रजीची नव्हती, हिंदीची होती. हा अनुभव पदरी असलेल्या बृहन्महाराष्ट्रीय प्रेक्षकास ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये जी गोष्ट खटकते, ती पुण्यामुंबईच्या समीक्षकांस खटकू नये याचे आश्चर्य वाटते. शशी गोडबोले पुण्याची. आडनावच गोडबोले! तिच्या सासूच्या भूमिकेत सुलभा देशपांडे आहेत, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेबाई मराठी रंगभूमीला देणाऱ्या. आणि पुण्यातील या गोडबोल्यांच्या घरात, चुलीपाशी, जेवणाच्या टेबलाशी, सासू-सुनेत, मायलेकरांत, एखादा चुकार शब्द सोडला तर सगळे बोलणे हिंदीत चालते. चित्रपटाच्या हिशेबात भाषा दोनच: एक दिमाखाची इंग्रजी आणि दुसरी मायेची हिंदी. तिसरी, जी त्या बाईच्या आईने तिला दिली असणार, ती हिशेबातच नाही.

हिंदी चित्रपटात माणसे हिंदीच बोलणार, हा संकेत आम्हांस ठाऊक आहे. अकबर बादशहापासून रोमच्या सैनिकापर्यंत सगळे तेथे हिंदी बोलतात आणि आपण ते मान्य करतो. शिवाय चित्रपट देशभर विकावयाचा असतो. परंतु जेथे विषयच भाषेचा आहे तेथे हा संकेत इतक्या सहजासहजी मान्य करता येत नाही. या चित्रपटात एक अतिशय सुंदर प्रसंग आहे. शशी आणि फ्रेंच आचारी लॉराँ (मेहदी नेबू) बोलत बसतात. तो फ्रेंचमध्ये मन मोकळे करतो, ती आपल्या भाषेत. शब्द कोणालाच कळत नाहीत आणि समजते सगळे. न समजता बोलण्यात किती सुख आहे, असे काहीसे ती म्हणते. आता विचार करा. लॉराँला हिंदी येत नाही, मराठीही येत नाही. त्याला दोन्ही सारख्याच. पडद्याखाली भाषांतराच्या ओळी देता येतात. ज्या क्षणी ही बाई जगात कोणासाठीही नव्हे, केवळ स्वतःसाठी बोलत आहे, त्या क्षणी तरी तिच्या तोंडी तिची भाषा यावयास काय हरकत होती? व्यापाराची सबब या एका प्रसंगास लागू पडत नाही. आणखी एक गोष्ट. हा चित्रपट तमिळमध्येही आला. त्यासाठी विमानातील अमिताभ बच्चन यांच्या जागी अजित कुमार यांना घेऊन तो प्रसंग निराळा चित्रित केला गेला. एवढी उस्तवार तमिळ प्रेक्षकासाठी झाली. नायिकेच्या स्वतःच्या भाषेत मात्र चित्रपट निघाला नाही. आईची माफी मागितली, पण आईच्या भाषेत मागितली नाही, असे म्हटले तर दिग्दर्शिकेवर फार अन्याय होईल काय? थोडा होईल, पण म्हटल्यावाचून राहवत नाही.

मराठी बाई प्रौढ वयात अमेरिकेला जाऊन इंग्रजी शिकते, ही कल्पना आपल्या वाङ्मयाला नवी नाही. शशीच्या सुमारे शंभर वर्षे आधी पार्वतीबाई आठवले गेल्या होत्या. अण्णासाहेब कर्वे यांच्या त्या मेहुणी. विशीत वैधव्य आले, पदरी लहान मुलगा. शिक्षण त्यानंतर सुरू झाले, आणि पुढे हिंगण्याच्या संस्थेसाठी त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. १९१८ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीजवळ, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी मदत मिळवावी या हेतूने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे पोटासाठी परक्यांच्या घरी घरकाम केले. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली आणि जस्टिन ॲबट यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये निघाला. आपल्या ग्रंथालयात मूळ पुस्तकाची प्रत मिळाली तर तरुण सभासदांनी अवश्य वाचावी. शशीशेजारी पार्वतीबाईंना उभे केले की एक फरक स्पष्ट होतो. पार्वतीबाईंना इंग्रजी हवी होती ती कामाचे हत्यार म्हणून. ती कच्ची राहिली तर त्यांचे काम अडे, मान अडत नसे. शशीची मानच इंग्रजीत अडकली आहे. मधल्या शंभर वर्षांत इंग्रजी हत्याराची दागिना झाली, आणि तोही असा की जो नसेल तर पोटची मुलगी बाहेर बरोबर चालावयास लाजते. चित्रपटाचे दुखणे येथे आहे आणि त्याने ते बरोबर ओळखले आहे.

एवढी तक्रार केल्यावर आता जे मराठी या चित्रपटात आहे त्याविषयी. ते एका गाण्यात आहे. लग्नघरी बायका जमतात आणि ‘नवराई माझी’ सुरू होते. अमित त्रिवेदी यांचे संगीत, शब्द स्वानंद किरकिरे यांचे. किरकिरे इंदूरचे, मराठी घरातील, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. या गाण्यात सुनिधी चौहान यांच्याबरोबर जे आवाज आहेत, त्यांत स्वतः स्वानंद आहेत आणि त्यांच्या मातोश्री नीलांबरी किरकिरे याही आहेत. हे श्रेयनामावलीत वाचून आम्ही थबकलो. पुण्याच्या आईवरील चित्रपटात पुण्याची भाषा नाही, आणि जी काही मराठी कानावर पडते ती माळव्यातील मायलेकरांनी आणलेली आहे. ज्या प्रांताच्या मराठीस पुण्याचे लोक ‘तुमची हिंदी मिसळलेली’ म्हणून हसत आले, त्या प्रांतातील एका आईचा आवाज न्यूयॉर्कच्या लग्नघरात घुमतो. गाण्यातही मराठीबरोबर हिंदी मिसळलेली आहेच! आमच्या घरी बोलतात तशी.

शेवटाबद्दल मतभेद होऊ शकतात. इंग्रजी हे माणसाचे माप नव्हे असे दोन तास सांगून अखेर नायिकेला इंग्रजी भाषणानेच जिंकवले, हा आक्षेप आमच्या एका मित्रांनी घेतला होता आणि तो निराधार नाही. परंतु दिग्दर्शिकेने त्यावर उतारा ठेवला आहे. परीक्षेच्या दिवशीच लाडवांचे ताट सांडते, आणि शशी परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळावयास बसते. दुसरे म्हणजे, त्या भाषणात व्याकरणाच्या चुका तशाच ठेवल्या आहेत. पती उठून तिची इंग्रजी कच्ची असल्याबद्दल पाहुण्यांची क्षमा मागू लागतो आणि ती त्याला थांबवून स्वतः उभी राहते. ती काय बोलते याहून ती थांबवते हे महत्त्वाचे. घरच्या माणसांनी एकमेकांचे मोजमाप काढू नये, एवढाच तिचा आशय. सपना मान खाली घालते. दिग्दर्शिकेने तिला तेथेही बोलू दिलेले नाही, आणि ते योग्यच केले.

मग येते परतीचे विमान. वर्तमानपत्र कोणते हवे असे हवाई सुंदरी विचारते. शशी आता नीट इंग्रजीत उत्तर देते, आणि मागते हिंदी वर्तमानपत्र. प्रेक्षागृहात येथे टाळ्या पडल्या होत्या, आम्हीही वाजवल्या होत्या.

फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी गेल्या, तेव्हा दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पुन्हा दाखवला गेला. आमची कन्या त्या वेळी माहेरी आली होती. ती गोविंदपुऱ्यातच वाढली, आता परदेशी असते. तिघेही पाहत बसलो होतो. विमानाचा प्रसंग आला आणि सौ.ने डोळे पुसले. कन्या म्हणाली, “बाबा, या गोडबोले ना? मग मराठी पेपर का नाही मागितला?”

आम्ही म्हणालो, “विमानात मराठी पेपर कुठला असायला? हिंदी नाहीतर इंग्रजी.”

“पण मागायला काय झालं होतं? नाही म्हणाली असती.”

तिचे हे मराठी बोलणे भोपाळी वळणाचे होते, ‘पण’ आणि ‘काय’ या दोन्हींवर हिंदी हेल होता. एरवी आम्ही दुरुस्त केले असते. त्या दिवशी केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तेव्हा पायरीवर वर्तमानपत्र पडले होते. या घरात आल्यापासून तीस वर्षे पडत आहे तेच, हिंदी. ते उचलून आम्ही आत आलो. कन्या चहा करीत होती. पेपर तिला दिसेल असा टेबलावर ठेवण्याऐवजी आम्ही तो घडी करून काखेत धरला आणि गच्चीवर जाऊन वाचला.